ओट्सच्या डब्यामागचे शहर

गेल्या रमजानच्या आधी डॉक्टरांनी आमच्या अब्बांना साखरेचे कारण सांगून सहेरीला ओट्स खायला सांगितले. अम्मीला ते मुळीच पटले नाही. ‘घोड्याचं खाणं माणसाला?’ असे म्हणत तिने त्यात कांदा, मिरची, खिमा घालून त्याचे जे काही केले, ते हलीमच्या जवळपास पोहोचले आणि अब्बा निमूट खाऊ लागले. डब्यावर टोपी घातलेल्या हसऱ्या म्हाताऱ्याचे चित्र आणि ‘क्वेकर’ हे नाव. आम्ही पडलो भूगोलाचे शिक्षक. डब्यातले धान्य इथलेच असेल, पण हे नाव मोठे झाले कुठल्या गावात, ते शोधल्याशिवाय राहवेना. शोधत शोधत आम्ही आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्स नावाच्या शहराशी पोहोचलो आणि तिथे ओट्सपेक्षा वेगळेच काही हाती लागले. म्हणून या महिन्याचा नकाशा तिथला.

अमेरिकेच्या मधोमध मक्याच्या सपाट शेतांतून सीडर नावाची नदी वाहते. पुढे ती आयोवा नदीला आणि ती मिसिसिपीला मिळते. वाटेत एके ठिकाणी पात्र खडकाळ होऊन पाणी खळाळते. ‘रॅपिड्स’ म्हणजे हाच खळाळ. मूळचे मेस्क्वाकी आणि सॉक लोकांचे हे खोरे गोऱ्या वसाहतवाल्यांनी १८३० च्या दशकाच्या शेवटी व्यापले. पाण्याच्या जोरावर गिरण्या फिरू लागल्या. १८५९ मध्ये रेल्वे आली. गिरणी आणि रेल्वे एकत्र आली की गावाचे शहर व्हायला वेळ लागत नाही. १८७० च्या दशकात तिथे ओट्स दळणारी गिरणी निघाली. पुढे अशा अनेक गिरण्या एकत्र येऊन १९०१ मध्ये क्वेकर ओट्स कंपनी उभी राहिली. नदीकाठचा तिचा कारखाना आजही चालू असून जगातल्या सर्वांत मोठ्या अशा कारखान्यांत त्याची गणना होते. शहराचे सरकारी बिरुद ‘पाच ऋतूंचे शहर’ असे आहे. चार ऋतू निसर्गाचे आणि पाचवा त्या चारांचा आनंद घेण्याचा! तिथले लोक मात्र थट्टेने ‘पाच वासांचे शहर’ म्हणतात. वारा फिरेल तसा कधी भाजलेल्या धान्याचा, कधी मक्याच्या कारखान्याचा वास गल्लीत येतो. आम्हाला हेच नाव अधिक खरे वाटते.

कारखाने आले की कामगार येतात. चेक लोक मोठ्या संख्येने आले. त्यांतले बरेच जण १८७१ च्या सुमारास निघालेल्या सिंक्लेअरच्या प्रचंड कत्तलखान्यात लागले. तिथे मुख्यतः डुकराचे मांस तयार होई. अशा गावात मुसलमान येऊन काय करणार, असे कोणालाही वाटेल. पण ते आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उस्मानी अमलाखालच्या सिरियातून, म्हणजे आजच्या लेबनॉन-सिरियाच्या भागातून, तरुण मुले इथे उतरली. बरोबर ख्रिस्ती अरबही होते. भांडवल नाही, इंग्रजी येत नाही. मग पाठीवर गाठोडे घेऊन सुया, दोरे, कापड, कंगवे विकत त्यांनी शेतावरून शेतावर पायपीट सुरू केली. थोडा पैसा साठला की घोडागाडी, आणखी साठला की शहरात किराण्याचे दुकान. आमच्या लहानपणी गाठोडे घेऊन दारोदार येणारा बोहारी-कापडवाला ज्यांनी पाहिला असेल, त्यांना वेगळे सांगायला नको.

या दुकानदारांनी आधी जागा भाड्याने घेऊन नमाज सुरू केली आणि मग १९३४ मध्ये स्वतःची मशीद बांधली. साल लक्षात घ्या. तो महामंदीचा काळ. बँका बुडालेल्या, शेतमालाला भाव नाही. त्या दिवसांत काही कुटुंबांनी मिळून हे काम तडीस नेले. फोटोत पाहिली तेव्हा आम्हाला ती प्रथम शाळाच वाटली. लाकडी, साधी, बैठी इमारत, खाली तळघर, दारावर एक छोटासा घुमट. तिथल्या खेड्यांतल्या जुन्या एकखोली शाळा अशाच दिसत. बांधणारांनी गावात जे घर बांधता येते तेच बांधले आणि वर घुमट ठेवला. अमेरिकेत त्याआधीही मशिदी झाल्या होत्या. उत्तर डकोटातल्या रॉस गावची १९२९ ची. पण ती पुढे पाडली गेली. मशीद म्हणूनच बांधलेल्या आणि आज उभ्या असलेल्या इमारतींत सीडर रॅपिड्सची सर्वांत जुनी. म्हणून तिला ‘मदर मॉस्क’, म्हणजे मातृमशीद म्हणतात.

मशिदीनंतर कब्रस्तान. १९४८ मध्ये याह्या औसी यांनी त्यासाठी जमीन दिली. परदेशात कमवायला गेलेला माणूस मनात परतीची तारीख धरून असतो. आखातात गेलेले आमचे मामू-चाचा आठवून पाहा. कब्रस्तानासाठी जमीन घेणारा माणूस मात्र आता परत जाणार नाही, हे त्याने ठरवलेले असते.

या वस्तीतला आणखी एक माणूस सांगायलाच हवा. अब्दुल्ला इग्राम. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकी सैन्यात होता. सैनिकाच्या गळ्यातल्या पत्र्याच्या बिल्ल्यावर धर्माचे अक्षर कोरत. मेला तर अंत्यविधी कोणत्या पद्धतीने करायचा, ते कळावे म्हणून. प्रॉटेस्टंट, कॅथलिक आणि ज्यू यांच्यासाठी अक्षरे होती, मुसलमानासाठी नव्हते. युद्ध संपल्यावर तो हे विसरला नाही. १९५३ मध्ये त्याने थेट राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना पत्र लिहून आपल्या धर्मासाठीही खूण मागितली. आधल्याच वर्षी, १९५२ मध्ये, त्याच्या पुढाकाराने अमेरिका आणि कॅनडातले सुमारे ४०० मुसलमान याच शहरात जमले होते. त्यातून देशव्यापी संघटना उभी राहिली. न्यूयॉर्क किंवा शिकागोला नव्हे, ओट्सच्या गावात! नववीच्या वर्गात हे सांगितले तेव्हा एका मुलीने विचारले, ‘सर, एवढ्याशा अक्षरासाठी राष्ट्राध्यक्षांना पत्र?’ उत्तर तिच्या शेजारच्या मुलीनेच दिले. हजेरीत तिचे नाव तीन वर्षे चुकीचे लिहिले जात होते.

१९७१ मध्ये जमातीला जागा अपुरी पडू लागली म्हणून नवे इस्लामिक सेंटर झाले आणि जुनी मशीद विकली गेली. पुढची जवळजवळ वीस वर्षे ती वेगवेगळ्या कामांना वापरली गेली. काही काळ तरुणांचे केंद्र, काही काळ चर्च. इमारत खचत गेली. १९९० च्या सुमारास आयोवाच्या इस्लामिक कौन्सिलने ती परत विकत घेतली, दुरुस्त केली आणि १९९६ मध्ये ती राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत गेली. विकली तेव्हा कोणी अडवले नाही का, असा प्रश्न आम्हाला पडला. पण विकणारांना दोष देणेही कठीण. नव्या इमारतीचे पैसे कुठून तरी यायला हवे होते.

आता नदीकडे येऊ. या शहराने नगरपालिकाच नदीतल्या बेटावर बांधली होती. इतका त्यांचा नदीवर विश्वास! तिथे ग्रँट वुड या चित्रकाराने केलेली रंगीत काचेची भव्य खिडकी आहे. काटा हातात धरलेल्या शेतकऱ्याचे ‘अमेरिकन गॉथिक’ हे जगप्रसिद्ध चित्र त्याने याच शहरात १९३० मध्ये काढले. जून २००८ मध्ये आठवडाभर पाऊस झाला. पूरमापकावर त्याआधीचा उच्चांक २० फुटांचा होता. १३ जूनला पाणी ३१ फुटांवर गेले. शहराचा सातवा हिस्सा, सुमारे २६ चौरस किलोमीटर, पाण्याखाली. नगरपालिका बुडाली, इस्पितळ रिकामे करावे लागले, दहा हजारांहून अधिक माणसे घराबाहेर पडली. वेळेवर माणसे हलवल्याने शहरात पुराने एकही जीव गेला नाही, ही अल्लाहची मेहरबानी आणि प्रशासनाची शिस्तही.

पाणी मातृमशिदीच्या तळघरात शिरले. जमातीचा जुना दस्तऐवज, पुस्तके, कागद तिथेच ठेवलेले होते. बहुतेक गेले. इमारत वाचली आणि ती कोणी, कशी बांधली याची कागदावरची साक्ष बुडाली. हे वाचून आम्ही पुस्तक मिटून ठेवले. आमच्या मोहल्ल्यातल्या मकतबचे जुने उर्दू रजिस्टर आम्ही विद्यार्थिदशेत पाहिले होते. सुंदर नस्तालिकमध्ये आमच्या दादांचे नाव होते त्यात. शिक्षक होऊन परत गेलो तेव्हा वाळवीने त्याचा भुगा केलेला. पूर तरी यायला नको.

चेक लोकांचे संग्रहालयही त्याच पुरात बुडाले. त्यांनी काय केले? २०११ मध्ये अख्खी इमारत उचलून रस्त्यापलीकडे नेली आणि पूर्वीपेक्षा अकरा फूट उंचावर ठेवली. नदीकाठची शेकडो पडकी घरे नगरपालिकेने विकत घेऊन पाडली आणि ती जमीन मोकळी सोडली. २०१६ मध्ये पुन्हा पाणी २२ फुटांच्या आसपास चढले, तेव्हा हजारो हातांनी वाळूच्या भिंती रचून शहर वाचवले. त्यानंतर १० ऑगस्ट २०२० ला वादळ आले. त्याचा वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरपर्यंत असावा, असा अंदाज आहे. शहरातली निम्म्याहून जास्त झाडांची सावली एका दुपारी गेली. आता पुन्हा झाडे लावणे चालू आहे.

मातृमशीद आजही उघडी असते. शाळांच्या सहली येतात, मुले बूट काढून आत बसतात. अब्बांना हे सगळे वाचून दाखवले. त्यांनी लक्षपूर्वक ऐकले आणि विचारले, ‘त्या तळघरातल्या रजिस्टरांची कोणी नक्कल काढली नव्हती का?’

पुढच्या अंकात याच पाण्यामागून मिसिसिपीवर उतरू.