ब्रेकवरचा खर्च कोठून सुरू करावा?

व्यापारी घरातील मोटारीला दोन प्रकारची कामे करावी लागतात. आठवडाभर ती दुकान, गोदाम आणि बाजारपेठ यांच्यामध्ये धावते. डिकीत खोकी असतात, प्रसंगी मागच्या सीटवरही माल असतो. सुट्टीच्या दिवशी त्याच गाडीत घरची पाच माणसे सामानासह बसतात आणि गाडी घाटाच्या वाटेला लागते. गाडी घेताना मायलेज, इंजिन आणि एसी यांची कसून चौकशी होते. ब्रेकच्या बाबतीत मात्र ‘लागतो ना?’ एवढ्यावरच समाधान मानले जाते. पुढे केव्हातरी ब्रेक कमी पडतो असे वाटू लागले की मोठ्या, छिद्रे पाडलेल्या डिस्क आणि रंगीत कॅलिपर यांची चर्चा सुरू होते. खर्चाचा आकडा मोठा असतो; म्हणून तो करण्यापूर्वी ब्रेक नेमका कशात कमी पडतो, हे समजून घेणे शहाणपणाचे ठरते.

ब्रेक गाडीच्या गतीचे उष्णतेत रूपांतर करतो आणि ती उष्णता हवेत सोडून देतो. गतीतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० किलोमीटरवरून ८० वर गेल्यास वेग एक तृतीयांशाने वाढतो. ब्रेकवरील भार मात्र जवळजवळ पावणेदोन पट होतो. ताशी ८० च्या वेगाने चालकाचे एक सेकंद दुर्लक्ष झाले, तर ब्रेकवर पाय पडण्यापूर्वीच गाडी सुमारे २२ मीटर पुढे गेलेली असते. हे २२ मीटर कोणतीही महाग डिस्क परत मिळवून देत नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. कारखान्यातून आलेले ब्रेक सुस्थितीत असतील, तर एकदा जोराने दाबल्यावर चाक जाम करण्याइतकी ताकद त्यांच्यात असते. चाक जाम होऊ नये म्हणूनच एबीएस यंत्रणा ब्रेकचा दाब कमी-अधिक करीत राहते. अशा क्षणी गाडी किती अंतरात थांबेल, हे टायरची रस्त्यावरील पकड ठरवते. ब्रेकमधील सुधारणेचा खरा लाभ वेगळा आहे: पहिल्यांदा लागलेला ब्रेक दहाव्यांदाही तसाच लागावा आणि पेडल पायाला घट्ट व भरवशाचे जाणवावे.

हा भरवसा घाटात कसाला लागतो. लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरताना ५०० मीटरहून अधिक उंची कमी होते. माणसे व सामान धरून गाडीचे वजन १,५०० किलो मानले, तर या उतारात निर्माण होणारी ऊर्जा ताशी ८० च्या वेगातील गाडी सुमारे वीस वेळा पूर्ण थांबवण्याइतकी भरते. हे सगळे ओझे ब्रेकवरच टाकले, तर ते तापतात आणि त्यांची पकड सैल पडू लागते.

म्हणून पहिला खर्च ब्रेक ऑइलवर करावा. हे ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. ‘डॉट ३’ प्रतीचे ताजे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषल्यानंतर हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जात असल्याने पेडल खाली जाते पण गाडी थांबत नाही. ‘डॉट ४’ साठी या मर्यादा अनुक्रमे २३० आणि १५५ अंश आहेत. गाडीच्या पुस्तिकेत मुभा असल्यास ‘डॉट ४’ भरावे आणि साधारणतः दर दोन वर्षांनी संपूर्ण ऑइल बदलून नळ्यांतील हवा काढून घ्यावी. वरून थोडे ऑइल ओतून पातळी भरणे म्हणजे ऑइल बदलणे नव्हे. ‘डॉट ५’ हे सिलिकॉनचे ऑइल असून ते यात मिसळू नये. आकडा मोठा म्हणून माल सरस, हा हिशेब येथे लागू पडत नाही.

दुसरा खर्च पुढच्या चाकांच्या पॅडवर. ब्रेक दाबताच गाडीचे वजन पुढे झुकते, त्यामुळे बहुतांश काम पुढचे ब्रेक करतात. रोजच्या वापरासाठी नामांकित उत्पादकाचे सिरॅमिक किंवा चांगल्या प्रतीचे रस्त्यावरचे पॅड पुरेसे आहेत. शर्यतीचे पॅड तापल्यावरच नीट पकडतात. सकाळी दुकानाकडे निघालेल्या थंड गाडीत ते उलट कमी पडतात. पॅड बदलताना कॅलिपरच्या सरकत्या पिना साफ करून त्यांना योग्य ग्रीस लावायला सांगावे आणि डिस्कची जाडी मोजून घ्यावी; किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. नवे पॅड डिस्कवर बसण्यासाठी मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता, वेग कमी करावा आणि मग ब्रेक थंड होऊ द्यावेत. मागे ड्रम असतील, तर लायनर तपासून त्यांचे अंतर जुळवून घेतल्यानेही पेडलमध्ये फरक पडतो.

तिसरा खर्च होज पाइपचा, आणि तो जुन्या गाडीसाठीच. वर्षानुवर्षांच्या वापराने रबरी पाइप दाबाखाली किंचित फुगतात आणि पेडल स्पंजासारखे लागते. नवे रबरी पाइप घातले तरी फरक जाणवतो. स्टीलची जाळी असलेले पाइप पेडल अधिक घट्ट करतात.

टायरचा विचार या तिन्हींसोबतच करावा. टायरच्या कडेवरील चार आकडे वाचता यावेत: ‘२३२१’ म्हणजे २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. नक्षीची खोली १.६ मिलिमीटर उरेपर्यंत थांबणे पावसाळ्यात धोक्याचे असते.

छिद्रांच्या डिस्क आणि मोठे कॅलिपर यांची रोजच्या गाडीला सहसा गरज नसते. छिद्रांभोवती कालांतराने तडे जाऊ शकतात. मोठ्या डिस्कसाठी अनेकदा चाकेही मोठी घ्यावी लागतात. रचनेत असा बदल करायचाच असेल, तर आधी विमा कंपनीला लेखी कळवावे. गाडी एका बाजूला ओढत असेल, खरखर येत असेल किंवा पेडल हळूहळू खाली जात असेल, तर सुधारणेचा विषय बाजूला ठेवून आधी दुरुस्ती करावी.

उतारावर इंधन वाचवण्यासाठी इंजिन बंद करून गाडी सोडण्याची सवय काही ठिकाणी अजून दिसते. इंजिन बंद असताना ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-तीन दाबांत संपते आणि पेडल दगडासारखे होते. खालचा गिअर टाकून, इंजिन चालू ठेवून उतरले, तर ओझ्याचा मोठा वाटा इंजिनच उचलते आणि ब्रेक थंड राहतात. या उपायाला एक रुपयाही लागत नाही. पुढच्या सर्व्हिसिंगच्या वेळी बिल हाती घेऊन एवढेच पाहावे की त्यात ब्रेक ऑइल बदलल्याची नोंद शेवटची कधी आहे. ती दोन वर्षांहून जुनी असेल, तर घाटाचा बेत ठरवण्यापूर्वी ते काम उरकून घ्यावे.