परळची शंभर वर्षे आणि परळची माणसे

परळच्या केईएम रुग्णालयाला २२ जानेवारीला शंभर वर्षे पूर्ण झाली. त्याच आठवड्यात, १८ जानेवारीला, १९८२च्या गिरणी संपाची तारीख येते. परळचा इतिहास लिहायचा तर या दोन्ही तारखा एकत्रच घ्याव्या लागतील.

कधीकाळी परळ मुंबईच्या वेशीबाहेर होते. कोटातली गर्दी नकोशी झालेल्या इंग्रज गव्हर्नरांचा बंगला इथे होता. १८९६मध्ये मांडवीत प्लेग निघाला आणि तीन वर्षांनी याच बंगल्यात हाफकिन यांची लशीची प्रयोगशाळा आली. प्लेगनंतर १८९८मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने कामगारांसाठी चाळी बांधल्या. त्यांतल्याच परळच्या एका चाळीत १९१२पासून दोन दशके बाबासाहेब आंबेडकरांचे बिऱ्हाड होते. बहिष्कृत हितकारिणी सभेचा विचार पक्का झाला तो मार्च १९२४मध्ये, जवळच्याच दामोदर हॉलमधल्या बैठकीत. साथीने शहराला चाळी बांधायला लावल्या आणि त्या चाळींतून एक चळवळ उभी राहिली, हा धागा शाळेच्या पुस्तकात कुठेच सापडत नाही.

केईएमची जन्मकथाही अशीच सांगण्याजोगी आहे. त्या काळी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या प्राध्यापकांच्या जागा बहुतांशी इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या गोऱ्या अधिकाऱ्यांकडे असत. शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी या रुग्णालयाशी जोडलेल्या नव्या वैद्यकीय महाविद्यालयासाठी देणगी देताना अट घातली, की इथे शिकवणारे सगळे भारतीयच असतील. पालिकेने ती मान्य केली. नाव इंग्रज बादशहाचे, पण कारभार आपल्या माणसांचा. पहिले अधिष्ठाता डॉ. जीवराज मेहता पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. जागा निवडली तीही गिरणगावाच्या मधोमध. साचेखात्यात कापसाचे तंतू छातीत घेणाऱ्या कामगाराचा खोकला हा या रुग्णालयात पुढे संशोधनाचाही विषय झाला. शेजारी वाडिया आले, १९४१मध्ये टाटा आले, आणि देशभरातल्या आजारी माणसाला परळचा पत्ता पाठ झाला.

या सगळ्याला गिरणीचा आधार होता. कोकणातून आणि घाटावरून आलेले, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे, खानावळीत जेवणारे कामगार इथले खरे रहिवासी होते. त्यांनी भजनी मंडळे, व्यायामशाळा, कामगार रंगभूमी उभी केली. १९८२मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे २.५ लाख कामगार संपावर गेले; त्यातले असंख्य पुन्हा कामावर घेतलेच गेले नाहीत. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या. गर्दी तेवढी राहिली. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद जिन्यावरच्या चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. जमिनीचे भाव वाढवणाऱ्या नियोजनाला रोज पायी जाणारा माणूस दिसला नव्हता, असेच आम्ही म्हणू.

पुनर्विकासाला आमचा विरोध नाही. सार्वजनिक शौचालयासमोर रांग लावणाऱ्या कुटुंबाला चांगले घर मिळायलाच हवे. पण चाळ पाडण्याआधी तिथे कोण राहिले, कोणती मंडळे चालली, कोणत्या सभा झाल्या, याची नोंद करणे हे परवानगीच्या कागदपत्रांइतकेच आवश्यक मानले पाहिजे. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलमध्ये वस्त्रोद्योगाचे संग्रहालय व्हायचे आहे. तिथे यंत्रांबरोबर या माणसांचे आवाजही हवेत: जॉबरचे, बदली कामगाराचे, खानावळ चालवणाऱ्या बाईचे, केईएमच्या परिचारिकेचे. संपाच्या वेळी पंचविशीत असलेला कामगार आता सत्तरीच्या उंबरठ्यावर आहे. पालिकेने आपल्याच रुग्णालयाच्या शताब्दीचे निमित्त साधून या मुलाखतींचे ध्वनिमुद्रण हाती घ्यावे, त्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद करावी आणि सुरुवात येत्या उन्हाळ्याच्या आत करावी.