पंडितांची वही

लक्ष्मीपूजनाला आमच्या पेठेतला वाणी वहीवर स्वस्तिक काढतो आणि जमा-नावे दोन्ही देवीपुढे ठेवतो. तिकडे शेअरबाजारात मुहूर्ताचे सौदे होतात, आणि नव्या संवतात कोणते शेअर घ्यावेत हे सांगायला टीव्हीवर पंडित प्रकटतात. वाचकहो, माझे मागणे एवढेच, की या पंडितांनीही आपली वही आणावी. गेल्या दिवाळीला काय सांगितले आणि त्यातले किती खरे ठरले, ते आधी वाचावे. मग पुढचे बोलावे.

हा राग पुस्तकी नव्हे. माझे मेहुणे जन्मभर शाळेत अंकगणित शिकवून निवृत्त झाले. २०२४ साली मतदानोत्तर अंदाज आले आणि ३ जूनला सेन्सेक्स अडीच हजार अंशांनी उसळला. 'आता थांबाल तर पस्तावाल,' असे एक पंडित म्हणाले. मेहुण्यांनी फंडातले चार लाख त्याच दिवशी घातले. दुसऱ्या दिवशी मतमोजणी झाली आणि सेन्सेक्स ४,३८९ अंशांनी कोसळला. घाबरून त्यांनी सगळे विकले. संध्याकाळी तेच पंडित, तोच टाय: 'ही घसरण अपेक्षितच होती.' "अहो, मग काल का नाही बोललात?" मेहुणे पडद्याला विचारत होते! ७ जूनला बाजार पुन्हा उच्चांकावर गेला. तोही अपेक्षितच होता म्हणे.

बाजार कोणालाच कळत नाही, हे मला मान्य. मग तसे सांगा ना! गावचा जोशी पावसाचे चुकला, तर त्याला पारावर बसणे कठीण होते. यांना पार नाही, गाव नाही. अमेरिकेत आल्फ्रेड कौल्स या गृहस्थाने १९३३ साली सोळा सल्लागार संस्थांचा हिशेब मांडला. त्यांचे ऐकणाऱ्याची कमाई सर्वसाधारण बाजारापेक्षा वर्षाला सुमारे दीड टक्का कमीच भरली. धंदा बुडाला का? छे! सेबीच्या २०१४ च्या नियमांनी विश्लेषकाला नोंदणी करावी लागते, स्वतःचे हितसंबंध उघड करावे लागतात. पण ती बारीक अक्षरे धावतात पडद्याच्या तळाशी, आणि मेहुण्यांचा चष्मा तिथवर पोचत नाही.

त्यांनी आता शंभर पानी वही घातली आहे. डावीकडे तारीख आणि पंडिताचे वाक्य. उजवी बाजू महिन्याने भरायची. परवा फराळाला गेलो तेव्हा चाळली. टायवाले गृहस्थ चौथ्या पानापर्यंत सहा वेळा आले होते.