मरणोत्तर लेखनाची महाराष्ट्रीय परंपरा

जोतीराव फुले 1890 साली वारले आणि 1969 साली त्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली. हसू नका, छापील पुरावा आहे. सामाजिक शास्त्रांतले चार मराठी प्रबंध चाळा, एकात तरी कंसात ‘(फुले, 1969)’ असे ठणठणीत लिहिलेले सापडेल. 1969 हे धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेल्या ‘समग्र वाङ्मया’चे साल. ‘गुलामगिरी’ 1873 ची. पण कंसात साल मागितलेय ना? मग हाताशी असलेल्या पुस्तकावर जे दिसेल ते ठोकून द्यायचे, हा आमच्या विद्वत्तेचा शिरस्ता. मॅक्स वेबर 1920 ला गेले, तरी 1958 मध्ये त्यांची लेखणी जोरातच आहे. मेल्यावर माणूस इतका लिहिता होतो हे आधी कळले असते तर कुणी जिवंतपणी कष्ट कशाला घेतले असते?

‘अहो, साल इकडचे तिकडे झाले तर काय बिघडले?’ असे विचारणारे मार्गदर्शक मी पाहिले आहेत. प्रेमळ असतात बिचारे. त्यांच्यासाठी एकच उदाहरण घेतो, पण सावकाश.

महाराष्ट्र शासनाने डॉ. आंबेडकरांच्या इंग्रजी लेखन आणि भाषणांचा पहिला खंड 1979 मध्ये काढला. त्यात 1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेला जातींवरचा निबंध आहे, 1936 चे ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ आहे, आणि भाषावार राज्यांवरचे लेखनही आहे; त्यातले दोन मजकूर पाहा. पहिले 1948 चे: धर आयोगापुढे ठेवलेले निवेदन. त्यात बाबासाहेब मुंबईसह एकसंध महाराष्ट्राची बाजू मांडतात. दुसरे 1955 चे: त्यात मुंबईचे वेगळे शहर-राज्य आणि उरलेल्या मराठी मुलखाची पश्चिम, मध्य आणि पूर्व अशी तीन राज्ये सुचवतात. मधल्या सात वर्षांत आंध्र झाला, राज्य पुनर्रचना आयोग बसला, त्याचा अहवाल आला. विचारी माणसाने मत बदलले, आणि ते का बदलले हाच खरा अभ्यासाचा विषय.

आता आमचा संशोधक काय करतो? दोन्हीकडे ‘(आंबेडकर, 1979)’. म्हणजे 1956 मध्ये महापरिनिर्वाण झालेल्या माणसाने तेवीस वर्षांनी एकाच वर्षात महाराष्ट्र जोडला आणि लगोलग त्याचे चार तुकडेही केले. इतिहास गडप, वाद गडप, कारणे गडप. उरला फक्त कंस. आणि उपाय केवढा? एपीए या संदर्भशैलीच्या रीतीने ‘(आंबेडकर, 1955/1979)’ लिहायचे. एक तिरकी रेघ! तीन-चार वर्षे फेलोशिप घेणाऱ्यांना ती रेघ झेपत नाही.

बरे, शिस्तीचे वावडे म्हणावे तर तसेही नाही. शिस्तीचा तर कैफ आहे. पुस्तकाचे नाव तिरप्या टायपात आहे का, आडनावानंतर स्वल्पविराम पडला का, यावरून सिनॉप्सिस परत येतात. सातव्या आवृत्तीत, 2019 मध्ये, एपीएने प्रकाशनाचे गाव द्यायची अट काढून टाकली. आमच्याकडे एक सर ‘नवी दिल्ली’ घाला म्हणतात, दुसरे ‘नवी दिल्ली’ काढा म्हणतात. मूळ नियमावली दोघांनीही डोळ्यांनी पाहिलेली नसते. विभागात ‘एपीए फॉरमॅट’ या नावाने जे फिरते ते कुण्या सीनियरच्या प्रबंधाचे झेरॉक्स असते, आणि त्यातल्या चुका वंशपरंपरेने पुढे जातात. गुरुकुल पद्धती बंद पडली असे कोण म्हणतो?

संदर्भसूची तर वाचनीयच असते. ‘ड’ खाली निम्मा महाराष्ट्र भरलेला, कारण सगळे ‘डॉ.’ तिथे. ‘प’ खाली ‘प्रा.’ एका यादीत मी ‘फुले, म.’ असे वाचले. ‘म.’ म्हणजे महात्मा! त्याच यादीत ‘रानडे, न्या.’ होते. ‘कर्वे’ एवढेच लिहून मोकळे होणारे तर धन्यच. कुठले कर्वे? धोंडो केशव, र. धों. की इरावती? नातेसंबंधांवरच्या प्रकरणात इरावतीबाई असणार हे वाचकाने ओळखायचे, संततिनियमनाच्या प्रकरणात र. धों., आणि बाकी ठिकाणी देवाचे नाव घ्यायचे.

पान क्रमांक हा विषय काढला की मात्र चेहरे पडतात. ‘(फूको, 1977)’ हा संदर्भ म्हणजे ‘सदाशिव पेठ, पुणे’ एवढ्याच पत्त्यावर पाठवलेले पत्र. पोस्टमनने काय करावे? एपीएच्या नियमाप्रमाणे पान फक्त शब्दशः अवतरणालाच सक्तीचे, असा युक्तिवाद येतो. आहेच तसे. पण तीनशे पानांच्या पुस्तकातला एक मुद्दा आपल्या शब्दांत सांगून वाचकाला आख्ख्या पुस्तकात सोडून द्यायची सक्ती कुठल्या आवृत्तीने केली आहे? पान नसते याचे कारण साधे आहे: पुस्तक उघडलेलेच नसते. फूको दुसऱ्याच्या लेखात भेटला, तिथून उचलला. मग ‘अमुक यांच्या लेखात उद्धृत’ असे प्रांजळपणे लिहावे ना! पण त्यात रुबाब नाही. रुबाब थेट पॅरिसहून आणल्यात आहे.

हा रोग आपलाच आहे अशी खंत नको, जगात साथ आहे. एल्सव्हिअर या बड्या प्रकाशनसंस्थेने लेखकांच्या मार्गदर्शनासाठी संदर्भाचा एक नमुना छापला होता: व्हॅन डर गीर आणि मंडळी, 2000, वैज्ञानिक लेख कसा लिहावा याविषयी. असा लेख अस्तित्वातच नव्हता. तरी जवळपास 400 शोधनिबंधांत तो संदर्भ म्हणून दिलेला निघाला, आणि 2017 मध्ये अ‍ॅन-विल हार्झिंग यांनी हे बिंग चव्हाट्यावर मांडले. नमुना पुसायचा राहिला म्हणा, किंवा आवडला म्हणा. नसलेला लेख चारशे ठिकाणी! असलेल्या लेखांना विचारतो कोण?

आणि आता टक्केवारी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांप्रमाणे प्रबंधाचे आधीच्या लेखनाशी साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही आणि 60 च्या वर गेले तर नोंदणी रद्द. झाले, चोरीचा कोटा मंजूर झाल्यासारखे सगळे वागू लागले. त्याच विनियमांत श्रेय देऊन घेतलेली अवतरणे या मोजणीतून वगळा असे स्वच्छ लिहिले आहे. तरी मार्गदर्शक काय सांगतात? ‘अवतरणे कमी कर, टक्का वाढतोय.’ मग पोरगे अवतरणचिन्हे काढते, ‘दारिद्र्य’चे ‘निर्धनता’ करते, ‘शोषण’चे ‘पिळवणूक’ करते, आणि सरळ उतारा होता त्याची सफाईदार चोरी होते. यंत्र म्हणते, साम्य 8 टक्के. सर म्हणतात, शाब्बास. सॉफ्टवेअर शब्द मोजते; विचार कुणाचा उचलला हे त्याला कळत नाही, आणि ज्यांना कळायला हवे त्यांना ते कळून घ्यायचे नसते.

तेव्हा व्हायवाला बसणाऱ्या परीक्षकांना एकच विनंती. काजू-बिस्किटे येण्याआधी उमेदवाराच्या संदर्भसूचीतली कुठलीही तीन नावे काढा आणि म्हणा: ही पुस्तके ग्रंथालयातून आणा, आणि तुम्ही म्हणता ती पाने उघडून दाखवा. दहा मिनिटांचे काम आहे. फक्त हा प्रयोग आपल्या स्वतःच्या प्रबंधावर आदल्या रात्री करून पाहू नका, दुसऱ्या दिवशी रजा टाकावी लागेल.