अश्रू आणि अलंकार

आपली पत्रिका हाती पडली, की आपल्यापैकी पुष्कळजण प्रथम शेवटची पाने उघडतात. तेथे श्रद्धांजल्या असतात. आम्हीही तेच करतो. वय वाढते तसतशी ओळखीची नावे पहिल्या पानांपेक्षा शेवटच्या पानांवरच अधिक भेटू लागतात, हा निसर्गक्रमच आहे. या श्रद्धांजल्या वाचताना मात्र एक गोष्ट आमच्या मनाला दीर्घकाळ सलत आली आहे. ती लिहावी की न लिहावी, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. कारण शोकाकुल माणसाच्या लेखनावर तांबडी शाई फिरवणे शिक्षकाला एक वेळ शोभेल, माणसाला शोभत नाही. अखेर एका लहानशा प्रसंगाने आम्हांस लेखणी हाती घेण्यास भाग पाडले.

परिचयाच्या एका कुटुंबात आजींच्या वर्षाच्या जियारतीसाठी आम्ही गेलो होतो. आजी कोकणातून आलेल्या. नातू इस्राएलमध्ये जन्मलेला, घरगुती मराठी समजणारा, पण वाचू न शकणारा. आजींवर छापून आलेला लेख त्याने आमच्यापुढे ठेवला आणि त्यात काय आहे ते हिब्रूत सांगण्याची विनंती केली. आम्ही सांगू लागलो. आजी वात्सल्यसिंधू होत्या, त्यागाची मूर्ती होत्या, मायेचा विशाल वटवृक्ष होत्या. त्यांच्या जाण्याने आकाश कोसळले, काळीज विदीर्ण झाले, अश्रूंचे पाट वाहिले. तरुणाने सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "हे झाले. पण आजी कशी होती?"

लेख आमच्या हातात होता आणि उत्तर आमच्यापाशी नव्हते. ते दिले शेजारी बसलेल्या एका वृद्ध बाईंनी. त्या म्हणाल्या, "तुझा बाप लष्करात होता तेव्हा गुरुवारी रात्री ती स्वयंपाकघरातला दिवा मालवत नसे. तो कधी येईल याचा नेम नसायचा. पुढे तो सुटला, लग्न झाले, दुसऱ्या गावी राहायला गेला, तरी तिने गुरुवारचा दिवा काही बंद केला नाही." नातू क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "तो दिवा मी पाहिला आहे. आजी विसरली असे समजून कितीदा मीच तो बंद केला." एवढे बोलून तो उठून बाहेर गेला.

बाईंच्या बोलण्यात एकही अलंकार नव्हता. छापील लेखात अलंकारांवाचून दुसरे काही नव्हते.

ज्यांनी तो लेख लिहिला त्यांचे दुःख खोटे होते, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. उलट, दुःख खरे असते तेव्हाच माणसाला स्वतःचे शब्द सुचत नाहीत, आणि मग तो हाताशी तयार असलेले शब्द उचलतो. ते तयार कोणी ठेवले? या प्रश्नाचे उत्तर देताना आम्हा शिक्षकांना मान खाली घालावी लागते. अध्यापनाचे प्रशिक्षण घेताना आम्ही करुण रसाची लक्षणे पाठ केली. पुढे वर्गात 'माझी आई' हा निबंध दरवर्षी लिहून घेतला. एखाद्या मुलाने आई पहाटे उठून पाणी भरते व तिचा उजवा खांदा दुखतो असे लिहिले, तर त्याला आम्ही दहांपैकी पाच गुण दिले. दुसऱ्याने निबंधमालेतून 'वात्सल्यसिंधू' उतरवून आणला, त्याला आठ दिले. त्या मुलांनीच मोठेपणी या श्रद्धांजल्या लिहिल्या आहेत. दोष आमच्या गुणदानाचा आहे.

कोणी म्हणेल, मराठी साहित्यच मुळी हळवे. साने गुरुजी पाहा. 'श्यामची आई' हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले आणि १९३५ साली प्रसिद्ध झाले. आचार्य अत्र्यांच्या त्याच नावाच्या चित्रपटाने १९५४ साली राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवले. त्या पुस्तकात अश्रू पुष्कळ आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु वाचकाच्या स्मरणात काय राहिले? आंघोळीनंतर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणारा मुलगा, आणि त्याच्या पायांखाली आपले लुगडे पसरणारी आई. अश्रू त्या ओल्या पावलांवर उभे आहेत. अनुकरण करणाऱ्यांनी अश्रू तेवढे उचलले आणि पावले तेथेच ठेवली.

आपल्या धर्मग्रंथांकडे वळावे, तर संयमाचा पाठ तेथे जागोजाग आढळतो. सारा मरण पावली तेव्हा अब्राहामाने शोक व विलाप केला, एवढेच सांगून तोरा पुढे जाते. त्यानंतरचा जवळजवळ सगळा अध्याय मखपेलाच्या गुहेच्या खरेदीचा आहे: हेथी लोकांना केलेले नमन, एफ्रोनशी झालेली बोलणी, तोलून दिलेली ४०० शेकेल चांदी. पत्नीला स्वतःच्या मालकीच्या भूमीत विसावा मिळावा म्हणून एक परदेशी वृद्ध माणूस भाव न पाडता पूर्ण किंमत मोजतो. त्याचे प्रेम किती होते, हे निराळे सांगण्याची तोरेला गरज भासली नाही.

आता 'एखा' पाहा. आपल्या वाडवडिलांच्या गावी बिरड्याच्या सणाला, म्हणजे तिशा बेआवला, वाचले जाणारे हे विलापगीत. यरुशलेमच्या विध्वंसाहून मोठा शोक कोणता? तरीही पहिला, दुसरा आणि चौथा अध्याय प्रत्येकी २२ कडव्यांचा, हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमाने रचलेला. तिसरा त्याच्या तिप्पट, ६६ कडव्यांचा. जेथे भावनेचा बांध फुटावा, तेथेच कवीने अक्षरांचा बांध घातला आहे.

परंतु संयम म्हणजे हळू आवाज, असा अर्थ कोणी घेऊ नये. अब्शालोम मारला गेल्याचे कळल्यावर दावीद राजाने केलेला आक्रोश मोठ्याने केलेला आहे. एका पासुकात मुलाला मारलेली हाक पाच वेळा आणि त्याचे नाव तीन वेळा येते. विशेषण मात्र एकही नाही. बापाविरुद्ध उठलेला तो मुलगा. त्याला 'गुणनिधी' म्हणणे असत्य झाले असते. दावीद केवळ हाक मारतो. खरी भावना कधी ओरडते, कधी मुकी होते. ती सजत नाही.

आपल्या धर्मशास्त्राने तर याविषयी स्पष्ट नियमच घालून दिला आहे. सोळाव्या शतकात योसेफ कारो यांनी रचलेल्या 'शुल्हान आरूख' या ग्रंथात सांगितले आहे, की मृताविषयी योग्य प्रकारे शोक व्यक्त करणे हे पुण्यकर्म आहे. त्याच्या अंगी होते ते गुण सांगावेत, त्यांत थोडी भरही घालावी, परंतु स्तुतीचा अतिरेक करू नये. 'थोडी भर' ही सवलत आम्हांस फार माणुसकीची वाटते. शास्त्रकारांना ठाऊक होते, की मुलगा आईविषयी बोलताना काटेकोर तराजू धरणार नाही. मात्र ती भर मुळात असलेल्या गुणांत घालायची आहे. गुणांच्या जागी नव्हे.

याच्या उलट टोकालाही एक दोष आहे, तोही नमूद केला पाहिजे. जन्मसाल, नोकरी, आलियाचे वर्ष, पश्चात तीन मुले व सात नातवंडे, एवढ्यावर संपणारे लेखही आपण वाचतो. त्यांत अतिशयोक्ती नाही, पण माणूसही नाही. कोरडेपणा म्हणजे संयम नव्हे.

एवढे कशासाठी, असे कोणी विचारील. आईविषयी चार शब्द जास्त लिहिले, तर बिघडले कोठे? आमच्या मते बिघडते ते असे. पेण, अलिबाग, रेवदंड्याकडून निघून मुंबईमार्गे लोद, दिमोना, अश्दोदला पोहोचलेल्या त्या पिढीतील बहुतेकांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत. त्यांच्याविषयी छापलेला मजकूर बहुधा एवढाच, आपल्या पत्रिकेतील अर्धा स्तंभ. उद्या एखादा नातू वा पणती तो कोणाकडून तरी हिब्रूत समजून घेईल. तेव्हा त्यात वटवृक्ष आणि सागर आढळले, तर ते कोणाच्याही आजीचे असू शकतील. आणि जे कोणाचेही असते ते त्याच्या आजीचे राहत नाही.

म्हणून श्रद्धांजली लिहिणाऱ्यांस आमची एक नम्र विनंती आहे. लिहून झाल्यावर मृताचे नाव झाका आणि लेख पुन्हा वाचा. तो दुसऱ्या कोणास लागू पडत असेल, तर एक ओळ तरी अशी घाला, जी अन्य कोणास लागू पडणार नाही: गाव, हातची एखादी सवय, शब्बाथच्या आदल्या दिवसाची धांदल, एखादा हट्टसुद्धा. ते सुचत नसेल, तर शेजाऱ्यास विचारा.

आणि आमचे सांगायचे, तर वर्गात 'माझी आजी' हा निबंध आता आम्ही निराळ्या रीतीने तपासतो. दुखऱ्या खांद्याला अधिक गुण देतो. बऱ्याच वर्षांपूर्वी द्यायला हवे होते.