साहित्यप्रकार, तंत्रज्ञान आणि समीक्षेचे विस्मरण

मराठी समीक्षाव्यवहारात एक विधान अलीकडे जवळजवळ गृहीतकासारखे वापरले जाते. तंत्रज्ञानाने कथात्म साहित्यावर आक्रमण केले आहे, असे ते विधान. चर्चासत्रांच्या विषयपत्रिकांत ते 'तंत्रज्ञानाचा साहित्यावरील परिणाम' अशा सौम्य शब्दांत येते. अध्यक्षीय भाषणांत ते विलापाचे रूप घेते. दोन्ही ठिकाणी मागची कल्पना एकच असते. साहित्य आधी कुठेतरी स्वयंसिद्ध स्वरूपात असते आणि तंत्रज्ञान नंतर बाहेरून येऊन त्याला बिघडवते किंवा सजवते, अशी ती कल्पना. ही कल्पना इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. पण ती केवळ चुकीची असती तर तिची एवढी दखल घेण्याचे कारण नव्हते. तिच्यामुळे आज लिहिल्या जाणाऱ्या मराठी कथनाच्या एका मोठ्या भागाविषयी समीक्षा मुकी झाली आहे, हे गंभीर आहे.

ज्या साहित्यप्रकारांना आपण 'शुद्ध वाङ्मयीन' मानतो त्यांची जडणघडण पाहावी. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी त्यातून क्रमशः वाचकांपुढे आली. यमुनेचे आत्मनिवेदन आठवड्या-आठवड्याने घरात पोहोचत होते. त्या निवेदनातील सैलपणा, बोलण्याच्या ओघात मागे जाणे आणि पुन्हा मूळ पदावर येणे हे विशेष साप्ताहिक हप्त्याच्या गतीपासून वेगळे काढता येत नाहीत. पुढे 'मनोरंजन' मासिकाने (१८९५) कथेला नियमित जागा दिली आणि १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा पाडली. मराठी लघुकथेची लांबी, तिची एका बैठकीत संपण्याची अट आणि वर्षातून एकदा तिला येणारा बहर यांचा संबंध छापखाना, टपालखाते व जाहिरातदार या तिघांशी आहे. लघुकथा आधी जन्मली आणि मग तिला मासिक सापडले, असे घडलेले नाही.

आश्चर्य असे की, मराठी समीक्षेने कथेच्या 'तंत्रा'ची चर्चा दशकानुदशके केली, परंतु ते तंत्र ज्या यंत्रणेतून संभवले तिच्याकडे अपवादानेच पाहिले. ना. सी. फडक्यांनी 'प्रतिभासाधना'त (१९३१) लेखनतंत्राचा विचार केला, तेव्हा ज्या नियतकालिकांच्या वाचकासाठी ते तंत्र उपयुक्त ठरत होते ती पार्श्वभूमीलाच राहिली. नवकथेच्या समर्थकांनी फडक्यांचे तंत्र नाकारले आणि त्याजागी घाट, लय, अनुभवाची सेंद्रियता या संज्ञा आणल्या. या संज्ञांचे मोल कमी नाही. परंतु गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर यांच्या कथेचा आकृतिबंध सिद्ध होण्यात त्या काळच्या मासिकांचा, त्यांच्या पृष्ठमर्यादेचा आणि संपादकीय आग्रहांचा वाटा किती, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राच्या दृष्टीने गौण ठरविला गेला. भालचंद्र नेमाड्यांनी लघुकथेलाच हीन ठरविले, तेव्हा वाद झाला तो साहित्यप्रकाराच्या उच्चनीचतेचा. साहित्यप्रकार कशाने घडतो, हा मूळ प्रश्न पुन्हा बाजूला पडला. माध्यम अदृश्य मानण्याची ही सवय आज महागात पडते आहे.

कारण आता माध्यम अदृश्य राहिलेले नाही. २०१४ साली सुरू झालेल्या 'प्रतिलिपि'सारख्या मंचावर मराठीत क्रमशः कथांचे अमाप लेखन होत आहे. एकेक कथा शेकडो भागांपर्यंत वाढते. २०१७ साली 'स्टोरीटेल' ही स्वीडिश कंपनी भारतात आली आणि मराठीत केवळ ऐकण्यासाठी लिहिलेल्या मालिका निर्माण होऊ लागल्या. या लेखनासंबंधी समीक्षेत तीन भूमिका आढळतात. तिन्ही भूमिका समीक्षेला तिच्या कामातून मोकळे करणाऱ्या आहेत, म्हणूनच त्या लोकप्रिय आहेत.

पहिली भूमिका तुच्छतेची. हे लेखन हप्त्याहप्त्याने होते, वाचकाची उत्कंठा चाळवते, म्हणून ते साहित्य नव्हे. हा निकष प्रामाणिकपणे लावला तर 'पण लक्षांत कोण घेतो' हिलाही बाहेरचा रस्ता दाखवावा लागेल. हप्ता हा दोष नाही. प्रश्न आहे तो हप्त्यांमधल्या अंतरावर कोणाची सत्ता चालते, याचा. 'करमणूक'चा पुढील अंक सर्वांसाठी एकाच वेळी निघत असे. त्या आठवड्याची प्रतीक्षा सामायिक होती. तिच्यात यमुनेविषयी घराघरांत बोलणे होऊ शकत होते. आजच्या मंचावर पुढला भाग लवकर हवा असेल तर पैसे मोजावे लागतील, अशी योजना असते. म्हणजे प्रतीक्षा ही कथनाची एक अवस्था न राहता विक्रीची वस्तू होते. प्रतीक्षा विकायची तर ती वारंवार निर्माण करावी लागते आणि प्रत्येक भागाचा शेवट अर्धवट ठेवावा लागतो. कथा संपविणे हे लेखकाच्या हिताविरुद्ध जाते. अरिस्टॉटलपासून आदि-मध्य-अंत या त्रयीवर उभ्या असलेल्या कथानकविचाराला येथे खरे आव्हान आहे. अंत नको असलेल्या कथेचे कथानक कोणत्या अर्थाने कथानक असते, हा साहित्यशास्त्राचा प्रश्न आहे. तुच्छतावादी समीक्षकाला तो विचारताच येत नाही, कारण त्याने कथा वाचलेलीच नसते.

दुसरी भूमिका लोकानुनयाची. लाखोंनी वाचले, संपादकांची मिरासदारी संपली, आता वाचकच परीक्षक झाला, असा तिचा सूर. या भूमिकेत सत्याचा अंश आहे. मराठी नियतकालिकांच्या संपादनाने अनेकांना दाराबाहेर ठेवले, हे नाकारता येत नाही. लघुनियतकालिकांची चळवळ त्याच असंतोषातून उभी राहिली, आणि चक्रमुद्रणयंत्रासारखे स्वस्त साधन हाताशी असल्याने ती उभी राहू शकली. १९६९ साली 'सत्यकथे'ची होळी झाली ती प्रस्थापित अभिरुचीविरुद्ध. परंतु ती होळी शक्य झाली, कारण ज्या सत्तेविरुद्ध ती होती त्या सत्तेला नाव होते, पत्ता होता, संपादकीय भूमिका होती. संपादक कथा परत पाठवीत असे, पण नकाराची जबाबदारी त्याची असे. आज कोणती कथा वाचकापुढे वर आणायची आणि कोणती तळाशी ठेवायची, हे बव्हंशी गणनेवर चालणारी प्रणाली ठरविते. किती जणांनी उघडले, किती जण शेवटपर्यंत टिकले, किती जणांनी तारे दिले, यांवरून तिचा निर्णय होतो. तो निर्णय कोणाच्या अभिरुचीचा नसतो आणि म्हणून कोणीही त्याचा जाब देत नाही. मिरासदारी संपलेली नाही. ती निनावी झाली आहे. गणनेची होळी करता येत नाही. तिची चिकित्सा मात्र करता येते, आणि ती करणे हे समीक्षेचेच काम आहे.

तिसरी भूमिका अधिक मोहक आहे. श्राव्य कथा म्हणजे मौखिक परंपरेचे पुनरागमन, कीर्तन आणि आख्यान यांचा नवा अवतार, असे ती मानते. वॉल्टर ऑंग यांनी १९८२ मध्ये 'दुय्यम मौखिकता' ही संकल्पना मांडली ती याच घोटाळ्यातून वाट काढण्यासाठी: विद्युत्-माध्यमांतील मौखिकता लेखन व मुद्रण यांच्यावर आधारलेली असते, ती आदिम मौखिकता नव्हे. कीर्तनकारापुढे श्रोता बसलेला असतो. पूर्वरंग लांबवायचा की आटोपता घ्यायचा, आख्यानात कोणता दृष्टान्त घालायचा, हे तो श्रोत्यांचे चेहरे पाहून ठरवितो. ध्वनिमुद्रित कथेत आवाज गोठलेला असतो आणि श्रोता एकटा असतो. निवेदनाची गतीदेखील तो आपल्या सोयीने वाढवितो. या दोहोंना एक म्हणणे हा कीर्तनावर अन्याय आहे आणि श्राव्य कथेवरही.

श्राव्य कथेचे खरे प्रश्न निराळेच आहेत. कानाला मागचे पान चाळता येत नाही, म्हणून पात्रांची संख्या आटोपशीर ठेवावी लागते, नावे पुन्हा पुन्हा उच्चारावी लागतात आणि काळातील उडी आधी सूचित करावी लागते. याहून महत्त्वाची गोष्ट निवेदनाची. नवकथेने मराठीत एक सूक्ष्म वाक्यप्रकार रुजविला. निवेदक आणि पात्र यांच्या सीमेवर उभे असलेले, दोघांचेही असू शकणारे असे हे वाक्य. मुद्रित पानावर त्याची संदिग्धता टिकते. अभिवाचकाला मात्र ते कोणाच्या तरी स्वरात म्हणावे लागते. निवेदकाच्या तटस्थ स्वरात म्हटले तर पात्र हरवते, पात्राच्या स्वरात म्हटले तर निवेदकाचा उपरोध हरवतो. म्हणजे अभिवाचन हे प्रत्येक वाक्यागणिक केलेले अर्थनिर्णयन असते. मुद्रित कथेचे श्राव्य रूप ही तिची प्रत नसून तिचा एक अन्वयार्थ आहे. आणि ज्या कथा श्रवणासाठीच लिहिल्या जातात, त्यांतून हा सीमेवरचा वाक्यप्रकार आरंभीच गळून पडण्याचा धोका संभवतो. मराठी गद्याने कष्टाने मिळविलेले एक सामर्थ्य असे नकळत नाहीसे होऊ शकते. ही हानी कोणी नोंदवायची?

नोंद न झाल्यास काय होते, याचे उदाहरण घरातच आहे. आकाशवाणीने श्रुतिका नावाचा साहित्यप्रकार मराठीत रुजविला. मुंबई केंद्रावरील 'पुन्हा प्रपंच'सारख्या मालिकांनी घरोघर श्रोते मिळविले. तरीही कथेच्या आणि नाटकाच्या इतिहासग्रंथांत श्रुतिकेला तळटीपेपलीकडे क्वचितच स्थान मिळाले. तिचे संवादतंत्र, केवळ ध्वनीतून स्थळ उभे करण्याची तिची रीत, तिची भाषा यांचे पद्धतशीर विवेचन झाले नाही. आजच्या श्राव्य मालिकांना जे पूर्वज असू शकले असते ते असे विस्मरणात गेले, आणि समीक्षेला आता आरंभ शून्यातून करावा लागत आहे.

या वेळी तर धोका अधिक मोठा आहे. १९५४ च्या ग्रंथ-सुपूर्दगीच्या केंद्रीय कायद्याने प्रकाशकांवर ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांत प्रती जमा करण्याचे बंधन घातले. १९५६ च्या दुरुस्तीने त्यात वृत्तपत्रांचा समावेश झाला. तो कायदा मुद्रित वस्तू डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला आहे. जी कथा केवळ एखाद्या कंपनीच्या संगणकांवर आहे, ती कंपनीचा करार संपताच किंवा लेखकाने काढून टाकताच नाहीशी होऊ शकते. भाग आधीच वाचले गेल्यावर त्यात बदल झाला तर पूर्वीचा पाठ वाचकाला दिसत नाही. ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांवर पिढ्यान्‌पिढ्या श्रम घेणाऱ्या भाषेत एकविसाव्या शतकातील कथेची पाठनिश्चिती अशक्य व्हावी, ही विपरीत गोष्ट आहे. जिची संहिता स्थिर नाही तिचा संदर्भ प्रबंधात कसा द्यावा, असा पेच संशोधकांपुढे उभा राहतो. आणि त्यांना सुचविली जाणारी सर्वांत सोपी वाट म्हणजे विषय बदलणे.

विषय बदलणे हे उत्तर नव्हे. विद्यापीठांतील मराठी विभागांनी निवडक मालिकांच्या संहिता व ध्वनिमुद्रिते लेखकांच्या संमतीने, दिनांकासह जतन करावीत. साहित्यप्रकारांच्या अभ्यासपत्रिकेत हप्ता, मध्यंतर, स्वर आणि गणना यांना घाट व निवेदन यांच्या बरोबरीचे स्थान द्यावे. आणि मग, परंतु मगच, मूल्यनिर्णय करावा. त्यातले बरेच लेखन सुमार ठरेल. 'मनोरंजन'च्या फायलींतलेही बरेच लेखन सुमार होते. तरीही त्या फायली जतन झाल्या, म्हणून मराठी कथेचा इतिहास लिहिता आला. सुमार ठरविण्याचा अधिकार वाचल्यानंतर मिळतो. तो वाचण्यापूर्वीच बजावणारी समीक्षा अभिरुचीचे रक्षण करीत नाही; ती निवडीचे काम गणनेच्या हाती सोपवून मोकळी होते.