पराधिकाराचे भान : तरुण रुग्णातील तिमिर आणि ईल्स डिसीज

चरकाचार्यांनी त्रिमर्मीय चिकित्साध्यायात नेत्ररोगांचा केवळ निर्देश केला. त्यांचा विस्तार हा शालाक्यतंत्राचा विषय आहे, दुसऱ्याच्या अधिकारात अधिक बोलणे प्रशस्त नव्हे, असे सांगून ते तेथेच थांबले. आपण मात्र अनेकदा नेत्रांतर्गत परीक्षणाविना सप्तामृत लोह व त्रिफळा घृत देऊन महिनोन् महिने वाट पाहतो. तरुण रुग्णाच्या बाबतीत हा विलंब दृष्टिघातक ठरू शकतो.

ईल्स डिसीज हे याचे बोलके उदाहरण होय. बर्मिंगहॅमचे नेत्रवैद्य हेन्री ईल्स यांनी १८८० मध्ये तरुण पुरुषांतील वारंवार होणाऱ्या दृष्टिपटलगत रक्तस्रावाचे वर्णन केले. त्यांच्या रुग्णांत मलावष्टंभ व नासागत रक्तस्रावही होता. हे वाचून कोणाही वैद्यास ऊर्ध्वग रक्तपित्ताचे स्मरण होईल. मात्र पुढील अभ्यासात या व्याधीचे मूळ दृष्टिपटलातील शिरांच्या शोथात आढळले. शोथाने शिरा अवरुद्ध होतात, रक्ताविना राहिलेल्या भागालगत नाजूक नव्या रक्तवाहिन्या निर्माण होतात आणि त्या फुटून नेत्रगोलात रक्त साठते. पाश्चात्त्य देशांत ही व्याधी दुर्मीळ, भारतात तुलनेने अधिक. क्षयजंतूंच्या प्रथिनांविषयीच्या अतिसंवेदनशीलतेशी तिचा संबंध जोडला जातो.

फसगत होते ती लक्षणांमुळे. डोळा लाल होत नाही, दुखत नाही. रुग्ण म्हणतो, ‘डोळ्यांपुढे माश्या, केस, जाळी तरंगते.’ सुश्रुताचार्यांनी द्वितीय पटलगत दोषाची हीच लक्षणे सांगितली आहेत. वर्णन अचूक आहे. परंतु त्या जाळीमागे साधा काचद्रवातील बदल आहे, रक्त आहे की दृष्टिपटल सुटते आहे, हे बाहुली विस्फारून आत पाहिल्याशिवाय कळत नाही.

माझ्याकडे आलेल्या सतरा वर्षांच्या एका विद्यार्थ्याने अशाच तक्रारीसाठी दोन महिने दुकानातून परस्पर औषधे घेतली होती. सर्वांनी ‘अभ्यासाचा ताण’ असे निदान केले होते. मी त्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे धाडले. एका डोळ्यात रक्तस्राव होता. दुसऱ्या, निर्दोष वाटणाऱ्या डोळ्यातही शिराशोथाची चिन्हे निघाली. त्या डोळ्यावर वेळीच उपचार झाले. ही व्याधी बहुधा दोन्ही डोळ्यांस ग्रासते, हे येथे ध्यानी घ्यावे.

‘रुग्ण पाठविला की तो परत येत नाही,’ अशी खंत काही वैद्यबंधू व्यक्त करतात. आपल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली वैद्य आणि डॉक्टर दोघेही घडतात. मग चिठ्ठी लिहिण्यात कमीपणा कसला? शिवाय रुग्ण गमावण्यापेक्षा रुग्णाची दृष्टी गमावणे अधिक लज्जास्पद आहे.

म्हणून काही पथ्ये सुचवितो. तरुणास अकस्मात अंधुक दिसू लागल्यास किंवा डोळ्यांपुढे ठिपके तरंगू लागल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे. जीर्ण ज्वर, कास, भारक्षय व घरातील क्षयरुग्ण यांविषयी अवश्य विचारावे आणि ती माहिती चिठ्ठीत लिहावी. सुरगाणा, पेठ, कळवण या आदिवासी पट्ट्यातील रुग्णांत सिकलसेलचाही विचार व्हावा. त्यातही दृष्टिपटलात रक्तस्राव होतो. रक्तस्राव असता वमनासारखे ताण देणारे कर्म टाळावे. नेत्रतज्ज्ञांनी शोथासाठी स्टिरॉइड दिले असल्यास ते अचानक बंद करावयास सांगू नये. लेसर वा शस्त्रक्रियेचा सल्ला असल्यास ती लांबवू नये.

औषधविक्रेत्या बंधूंनी स्टिरॉइडयुक्त थेंब चिठ्ठीविना देऊ नयेत. त्यांच्या दीर्घ वापराने काचबिंदू व मोतीबिंदू होऊ शकतो. ‘डोळ्यांची ताकद वाढवणारे काही द्या’ असे म्हणणाऱ्यास ‘दिसायला कधीपासून कमी झाले?’ एवढे तरी विचारावे.

निदान निश्चित झाल्यावर अग्निरक्षण, मलावष्टंभाचे निवारण व क्षयरुग्णाचे पोषण यांत नेत्रतज्ज्ञांच्या सल्ल्याने आपणांस पुष्कळ कार्य आहे. मात्र प्रथम त्या डोळ्याच्या आत कोणीतरी पाहिले पाहिजे. चरकाचार्य जेथे थांबले, तेथे थांबण्यात आयुर्वेदाची मानहानी नाही. ती शास्त्राज्ञाच होय.